थरथरणारा हात आणि उंदराचे एक जनुक

वार्षिक अहवालात हिशेबपत्रकांच्या आधी एखाद्या आजाराविषयी अभ्यासलेख देण्याची आपल्या रुग्णालयाची जुनी प्रथा आहे. आजवर हे काम आमच्या डॉक्टर मंडळींनी केले. सिकलसेल, सर्पदंश, मधुमेही रुग्णांच्या पायांची निगा असे विषय येऊन गेले. यंदा विश्वस्त मंडळाने हे काम प्रशासकावर सोपविले, त्याचे कारण पुढे येईलच. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. मजकूर आमच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी वाचून दुरुस्त केला आहे, तथापि त्यातील हिशेबी भाषा मात्र माझीच राहिली आहे. वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्याच्या अखेरीस आमच्या एका जुन्या देणगीदारांचा धनादेश बँकेतून परत आला. खात्यात रक्कम होती, तारीख बरोबर होती. शेरा एवढाच होता की सही नमुना सहीशी जुळत नाही. आर्थिक वर्ष संपत आलेले, ८०-जी ची पावती त्याच वर्षाची हवी, म्हणून मी त्यांना दूरध्वनी केला. शेठजी स्वतः कार्यालयात आले आणि माझ्यासमोर बसून त्यांनी दुसरा धनादेश लिहावयास घेतला. लेखणी कागदाला टेकेपर्यंत हात ठीक होता. टेकताच तो थरथरू लागला, आणि अक्षरे पावसात भिजलेल्या वहीसारखी पसरली. चहा आला तो त्यांनी कपाने न घेता बशीत ओतून, दोन्ही हातांनी धरून घेतला. ते ओशाळून म्हणाले, ‘‘लोकांना वाटतं आम्ही घेतो. जन्मात थेंब घेतलेला नाही.’’

वय त्यावेळी बावन्न. त्याआधी दोन वर्षे त्यांना बाहेरगावी कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची, औषधे चालू होती आणि उपयोग काडीचा नव्हता. आमच्या डॉक्टरांनी त्यांना प्रथम हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसावयास सांगितले. हात स्थिर होता. मग पाण्याचा पेला उचलावयास सांगितले, आणि पाणी सांडले. पार्किन्सनचा कंप बहुधा विश्रांतीत असलेल्या हाताला येतो आणि हात कामाला लागला की कमी होतो. येथे नेमके उलट होते. नंतर डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न मला त्यावेळी अप्रस्तुत वाटला होता : ‘‘आपल्या वडिलांचा हात कसा होता?’’ शेठजी थोडा वेळ गप्प राहिले. वडिलांचा हात चाळिशीनंतर थरथरत असे, पुढे चालतानाही तोल जाई. आत्याचेही तसेच होते. घरात सगळे त्याला ‘म्हातारपण लवकर आलं’ म्हणत.

रक्ताचा नमुना तपासणीसाठी पाठविण्यात आला. उत्तर आले ते एका जनुकाचे नाव घेऊन. पुढील सर्व लेख त्या जनुकाविषयी आहे.

शिक्का मारणे आणि शिक्का पुसणे

फॉस्फेटेज हा शब्द आपणांपैकी पुष्कळांनी यकृताच्या तपासणीच्या कागदावर ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ म्हणून वाचलेला असेल. येथे ज्याचा विचार करावयाचा आहे ते विकर वेगळे आहे, म्हणून त्या कागदावरील आकड्याशी याचा संबंध लावू नये. मात्र शब्दाचा अर्थ तोच : फॉस्फेट काढून टाकणारे.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत हजारो प्रकारची प्रथिने काम करतात. त्यांतील कोणते केव्हा चालू व्हावे व केव्हा थांबावे हे ठरविण्याची पेशीची एक सोपी युक्ती आहे. प्रथिनावर फॉस्फेटचा छोटासा तुकडा चिकटवावयाचा, किंवा चिकटलेला काढून घ्यावयाचा. आमच्या लेखा विभागात व्हाउचरवर शिक्का पडला की ते पुढे सरकते किंवा अडते, तसेच हे. शिक्का मारणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात, पुसणाऱ्यांना फॉस्फेटेज. ही उलटसुलट चालणारी पद्धत एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर या दोघा शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात स्नायूंतील साखरेच्या साठ्याचा अभ्यास करताना उलगडली. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९२ साली. इतक्या उशिरा मिळण्याचे एक कारण असे की या पद्धतीचा पसारा किती मोठा आहे हे कळावयासच पुढची कित्येक वर्षे गेली.

आता खरी गंमत अशी की माणसाच्या पेशीत शिक्का मारणारे पाचशेहून अधिक आहेत, पुसणारे त्या मानाने फार थोडे. मग इतके थोडे पुसणारे इतक्या वेगवेगळ्या कागदांवरचे नेमके शिक्के कसे पुसतात? उत्तर असे की पुसणारा एकटा नसतो. ज्या विकराशी आपला संबंध आहे त्याचे शास्त्रीय नाव ‘प्रोटीन फॉस्फेटेज २-ए’. हे तीन प्रथिनांचे मिळून बनते. एक खंड बैठकीसारखा असतो, त्यावर बाकीचे टेकतात. दुसरा खंड प्रत्यक्ष पुसण्याचे काम करतो. तिसरा खंड नियामक, आणि तो एकच एक नसून त्याचे अनेक प्रकार आहेत. कोणता नियामक खंड जोडला गेला यावर विकर पेशीच्या कोणत्या भागात जाईल आणि कोणता शिक्का पुसेल हे ठरते.

जुन्या अडत दुकानात गादीवर बसून रोकड मोजणारा एकच असे, पण कोणते खाते आज उघडावयाचे, कोणत्या शेतकऱ्याची पट्टी आधी करावयाची, हे ठरवून वही त्याच्यापुढे ठेवणारा मुनीम वेगळा असे. नियामक प्रथिन म्हणजे हा मुनीम. तो स्वतः रोकडीला हात लावत नाही, परंतु त्याने चुकीची वही पुढे केली तर रोखपाल कितीही प्रामाणिक असला तरी हिशेब बिघडतो.

उंदराकडून काय कळले

मेंदूतील चेतापेशींत प्रामुख्याने आढळणारा असा एक मुनीम आहे. त्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते त्याचे नाव पीपीपी-२-आर-२-बी. माणसात ते पाचव्या गुणसूत्रावर आहे, उंदरात अठराव्या गुणसूत्रावर. जागा वेगळी असली तरी मजकूर जवळजवळ एकच आहे. उंदराच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की त्याच्या सुमारे ८० टक्के जनुकांना माणसात अगदी एकास एक जोडीदार आहे. आपला आणि उंदराचा समान पूर्वज सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा, आणि एवढ्या काळात ही वही फारशी बदललेली नाही. उंदरातील एखादे ठरावीक जनुक बंद करून काय होते हे पाहण्याची रीत शोधणाऱ्या कापेकी, इव्हान्स व स्मिथीज यांना २००७चे नोबेल मिळाले.

एक विश्वस्त बंधूंनी लेखाचा विषय ऐकून आक्षेप घेतला होता की सेवाग्रामच्या पंचक्रोशीत बसून प्राण्यांवरील प्रयोगांचे गोडवे गाणे बरे दिसत नाही. गांधीजींचा अशा प्रयोगांना विरोध होता हे खरेच आहे, आणि हा आक्षेप मी हलका मानत नाही. जे कळले आहे ते कसे कळले हे लपवू नये, एवढ्याच हेतूने येथे लिहीत आहे.

तर या जनुकापासून एकाहून अधिक प्रकारची प्रथिने तयार होतात. त्यांतील एकाचे नाव बी-बीटा-२. त्याच्या टोकाला पत्त्यासारखा एक तुकडा असतो आणि तो त्याला पेशीतील तंतुकणिकांकडे घेऊन जातो. तंतुकणिका म्हणजे पेशीची चूल. अन्नातून ऊर्जा तेथे मिळते. या कणिका स्थिर नसतात. त्या एकमेकींना जुळून लांब होतात, पुन्हा तुटून लहान होतात. त्यांना तोडण्याचे काम डीआरपी-१ नावाचे प्रथिन करते. त्यावर फॉस्फेटचा शिक्का असेपर्यंत ते स्वस्थ बसते. बी-बीटा-२ रोखपालाला घेऊन तेथे पोहोचते, शिक्का पुसला जातो आणि कणिका तुटू लागतात. थोडे तुटणे आवश्यकच आहे, कारण खराब झालेला भाग वेगळा काढावयाचा तो असाच. पण तुटणे अति झाले की पेशी थकते आणि मरते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या चेतापेशींत बी-बीटा-२चे प्रमाण वाढविले तेव्हा असेच घडताना दिसले.

मग अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी बी-बीटा-२ नसलेले उंदीर तयार केले आणि २०२० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे उंदीर जगले. त्यांच्या चेतापेशींतील तंतुकणिका अधिक लांब होत्या. मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ रोखला, म्हणजे पक्षाघातासारखी स्थिती निर्माण केली, तेव्हा त्यांच्या मेंदूची हानी नेहमीच्या उंदरांपेक्षा कमी झाली. मुनीम नसताना दुकान बुडेल असे वाटावे आणि उलट संकटात ते अधिक टिकावे, असा हा निकाल. त्यातून एवढे निश्चित कळले की या नियामक प्रथिनाचे काम काय आहे, आणि त्याचा अतिरेक कोणत्या बाजूने घातक ठरू शकतो.

परंतु या उंदरांचे पाय थरथरत नव्हते, कारण त्यांच्यात प्रथिन नव्हतेच. शेठजींच्या आजारात प्रथिन असते, बिघाड त्याच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असतो. तेथे सी-ए-जी ही तीन अक्षरे पुनःपुन्हा लिहिलेली असतात. निरोगी माणसांत ही पुनरावृत्ती सर्वसाधारणपणे तीस-बत्तीसच्या आत असते, रुग्णांत ती पन्नाशीच्या पुढे जाते. ही अक्षरे प्रथिनाच्या मजकुरात येत नाहीत, ती मजकुराआधीच्या भागात असतात, जेथून जनुक किती प्रमाणात वाचावयाचे हे ठरते. पुनरावृत्ती लांबली की वाचन वाढते असे पेशींवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे मुनीम एकाच्या जागी अनेक होत असावेत आणि ते तंतुकणिकांच्या मागे लागत असावेत, असा तर्क निघतो. तो सिद्ध झालेला नाही, आणि उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असल्याने चाळिशीत सुरू होणारा आजार त्याच्यात जसाच्या तसा पाहणेही कठीण आहे. डॉक्टरांनी हे वाक्य मला तीनदा दुरुस्त करावयास लावले, म्हणून वाचकांनीही तेवढ्याच जपून वाचावे.

घराण्यांचा प्रश्न

या आजाराचे नाव स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार १२. त्याचे प्रथम वर्णन १९९९ साली झाले ते जर्मन वंशाच्या एका अमेरिकन घराण्यात. जगात इतरत्र तो फार विरळा. परंतु २००१ पासून भारतातील कुटुंबांत तो सापडू लागला, आणि २००५ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की पिढीजात तोल जाण्याच्या १२४ प्रकरणांपैकी २० या एका प्रकाराची होती. त्यांच्यातील पुनरावृत्ती ५१ ते ६९ होती. ही सर्व कुटुंबे मूळ हरियाणातील आणि आपापसांत विवाह करणाऱ्या एकाच समाजातील होती. जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा जुळत असल्याने, दूरच्या काळातील एखाद्या एकाच पूर्वजापासून हा बदल खाली आला असावा, असा निष्कर्ष निघाला.

वैद्यकीय लिखाणात त्या समाजाचे नाव अग्रवाल असे उघडपणे येते, म्हणून येथे ते टाळण्यात अर्थ नाही. कापसाच्या आणि सावकारीच्या व्यवहारानिमित्त जी घराणी उत्तरेकडून वऱ्हाड-नागपूर प्रांतात आली, त्यांत या समाजाची घराणी होती. वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील धर्मशाळा, शाळा व दवाखाने यांच्या पायात त्यांचा पैसा आहे. या रुग्णालयाच्या देणगीदारांच्या यादीतही ती आहेत. यास्तव थरथरणाऱ्या हाताचे निदान करताना दिल्लीच्या डॉक्टरला जे ठाऊक असावयास हवे ते वर्ध्याच्या डॉक्टरलाही ठाऊक असणे आवश्यक आहे. यात कमीपणाचे काही नाही. आपापसांत विवाह करणाऱ्या प्रत्येक समाजात असा कोणता ना कोणता वारसा असतो. विदर्भातील अनेक समाजांत सिकलसेल आहे, आणि त्याविषयी बोलणे आता आपल्याला अवघड वाटत नाही.

सिकलसेलशी तुलना मात्र एका मुद्द्यावर थांबवावी लागते. सिकलसेलचा आजार होण्यासाठी आई व वडील दोघांकडूनही दोष यावा लागतो. एकाकडून आल्यास माणूस केवळ वाहक राहतो, म्हणून विवाहापूर्वी दोघांची तपासणी करणे उपयोगी ठरते. येथे एकाच पालकाकडून आलेला बदल पुरेसा असतो. रुग्णाच्या प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. एकास मिळाला म्हणून दुसरा सुटला, असा हिशेब येथे चालत नाही. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडते.

आता विश्वस्तांनी हा लेख मला का लिहावयास सांगितला ते सांगतो. शेठजींचे निदान त्यांच्या नात्यात कळल्यावर एका सद्गृहस्थांनी रुग्णालयाला मोठी रक्कम देऊ केली. अट अशी की समाजातील सर्व विवाहयोग्य मुलामुलींचे तपासणी शिबिर घ्यावे. हेतू निर्मळ होता यात शंका नाही. मी त्या बाजूचा होतो. शिबिरे अहवालात चांगली दिसतात, किती जणांनी लाभ घेतला याचा आकडा देता येतो, आणि त्यावर्षी आमचा प्रयोगशाळेचा खर्च उत्पन्नाच्या पुढे गेला होता. मी टिपणी तयार करून मंडळापुढे ठेवली.

आमच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी ती वाचून मला एवढेच विचारले, ‘‘बावीस वर्षांच्या मुलीच्या हातात हा कागद दिल्यावर पुढे तुम्ही तिला काय देणार?’’ मूळ बिघाड दुरुस्त करणारे औषध आज नाही. आजार कोणत्या वर्षी सुरू होईल आणि किती वाढेल हेही तपासणी सांगत नाही. आणि ज्या मुलीचा कागद ‘आहे’ असा आला, तिचे नाव शिबिराच्या मांडवातून गावात पोहोचावयास किती वेळ लागेल? मंडळाने प्रस्ताव नाकारला, देणगी परत गेली. पुढील तिमाहीत मला काही बिले थांबवावी लागली आणि त्यावेळी मी मनातून रागावलो होतो हे कबूल करतो. आज तो निर्णय बरोबर वाटतो.

मग रुग्णालय काय करते? ज्याला लक्षणे आहेत त्याची तपासणी निदानासाठी केली जाते. ज्याला लक्षणे नाहीत पण घरात आजार आहे, अशा सज्ञान व्यक्तीने स्वतः विचारले तरच, आधी समुपदेशन करून, विचार करावयास अवधी देऊन, तपासणी केली जाते. अल्पवयीन मुलांची केली जात नाही, पालकांनी आग्रह धरला तरीही. अहवाल त्या व्यक्तीच्याच हाती दिला जातो. भावी व्याही, मालक किंवा समाजाचे पदाधिकारी यांना तो मिळत नाही. असे विचारणारे दूरध्वनी आले आहेत, आणि ते माझ्याकडेच आले आहेत.

शेठजींच्या दोन मुलांपैकी थोरल्या मुलीने तपासणी करून घेतली. धाकट्याने नको म्हटले. दोघांच्याही निर्णयाची नोंद त्यांच्या फायलीत आहे आणि त्या फायली अभिलेख कक्षात न ठेवता कुलूपबंद कपाटात आहेत. शेठजींनी हा सर्व मजकूर वाचून, नाव न घालण्याच्या अटीवर, छापण्यास अनुमती दिली.

राहिला उपचार. मूळ आजारावर औषध नसले तरी कंप कमी करणारी औषधे आहेत. प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही त्यांतली जुनी व स्वस्त औषधे होत. दमा असलेल्याने प्रोप्रॅनोलॉल घेऊ नये, यासाठी ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. आजार बहुधा सावकाश वाढतो, कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे आपला व्यवसाय सांभाळतात. तोल जाऊ लागल्यावर व्यायामोपचार, न्हाणीघरात धरावयास दांडी, जड पेला, जाड मुठीची लेखणी या गोष्टींचा उपयोग होतो. पार्किन्सनची औषधे निष्कारण घेणे थांबते, हाही निदानाचा लहान फायदा नव्हे. शेठजींनी बँकेत नवी नमुना सही दिली आणि धनादेश परत येणे थांबले.

ज्यांच्या घरात काम करताना हात थरथरण्याचा त्रास एकाहून अधिक पिढ्यांत आहे, त्यांनी मज्जाविकार बाह्यरुग्ण विभागात येताना घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीस बरोबर आणावे. वडील-आजोबांचे हात कसे होते हे त्यांनाच ठाऊक असते. शक्य असल्यास रुग्णाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील जुने कागद, रोजमेळ, पत्रे किंवा सह्या, दहा-पंधरा वर्षांपूर्वीपासूनच्या, सोबत आणाव्यात. कंप नेमका केव्हा सुरू झाला हे रुग्णाला आठवत नसले तरी डॉक्टरांना त्या अक्षरांवरून पुष्कळदा सांगता येते.